अनोळखी माणसाशी मनातले बोलणे: परळच्या एका बसथांब्यानिमित्त

नायगावकरीण

गेले काही दिवस एक विषय मनात घोळतो आहे आणि तो येथील जाणत्या मंडळींपुढे मांडावा असे वाटले. मोठ्या शहरात दोन अनोळखी, एकटी माणसे योगायोगाने एकमेकांशेजारी बसतात, घरच्यांनाही न सांगितलेले काही बोलून जातात आणि पुन्हा आपापल्या वाटेने निघून जातात. अशी भेट पुढे टिकवण्याचा प्रयत्न करावा, की ती तिथेच संपू द्यावी, हा माझा प्रश्न आहे. त्याला जोडून दुसराही एक प्रश्न आहे, पण त्याकडे शेवटी येते.

मी नायगावात राहते. बँकेतून निवृत्त झाले आहे आणि यजमान गेल्यापासून घरात एकटीच असते. मुलगा बंगळुरूला असतो, रोज न चुकता फोन करतो. त्यामुळे मला कोणी विचारत नाही अशी तक्रार मी करणार नाही. परंतु मुलाला फोनवर सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि मनात साठून राहिलेल्या गोष्टी वेगळ्या. आषाढातल्या एका संध्याकाळी गुडघ्याच्या तपासणीनंतर मी परळला केईएम रुग्णालयाजवळच्या थांब्यावर बससाठी उभी होते. हिंदमाताला पाणी भरल्यामुळे गाड्या खोळंबल्या होत्या. थांब्यावरच्या एका टोकाला साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, लेंगा, टोपी. मांडीवर रुग्णालयाची जाड फाइल होती. ती आधी खताच्या पोत्यातल्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि वरून नाडीने दोन्ही बाजूंनी आवळून बांधलेली होती. त्यांनी फाइल उचलून छातीशी धरली आणि मला बसायला जागा करून दिली.

ते बुलडाणा जिल्ह्यातले शेतकरी. पत्नीवर टाटा रुग्णालयात उपचार चालू होते. सोयाबीनची पेरणी भावावर सोपवून आले होते आणि पाऊस इथे धो धो पडत असला तरी गावाकडे त्याने ओढ दिली होती, म्हणून दुबार पेरणीची काळजी. हे सगळे त्यांनी ओळख नसताना, पण अजिबात संकोच न करता सांगितले. मग म्हणाले, "घरून फोन आला का सारं बरं हाय असंच सांगतो जी. तिच्यासमोरबी तसंच. खरं कोणाले सांगावं?"

त्यानंतर मी जे बोलले त्याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. यजमानांच्या शेवटच्या आजारपणात, त्यांचे हाल पाहून, आता हे सुटावेत असे मला एका रात्री वाटून गेले होते. ही गोष्ट मी मुलाला, सख्ख्या बहिणीला, कोणालाही सांगितलेली नव्हती. त्या थांब्यावर, ज्यांचे नावही ठाऊक नाही अशा माणसाला सांगितली. ते काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "वाटते जी. मलेबी परवा वाटलं."

त्यांच्या खिशात आवळासुपारीची पुडी होती. औषधाने पत्नीच्या तोंडाची चव गेली होती, म्हणून ती जवळ ठेवलेली. त्यातली चिमूटभर त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मग माझी बस आली. त्यांनी माझा नंबर मागितला नाही, मीही त्यांचा घेतला नाही.

परळमध्ये अशी माणसे किती असतील याचा विचार मी त्यानंतर करू लागले. केईएम १९२६ पासून आहे, टाटा १९४१ पासून. वाडिया रुग्णालयेही तिथेच. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडेही चालतात आणि एका वेळचा उपचार मात्र काही मिनिटांत आटोपतो. उरलेला सगळा दिवस सोबतच्या माणसाने काढायचा कुठे आणि कसा? केमोथेरपी बहुधा दर तीन आठवड्यांनी असते. मधल्या काळात दोघांनी गावी जाऊन परत येण्याचे भाडे आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा हिशेब केला की मुंबईतच राहणे भाग पडते. म्हणजे या शहरात रोज हजारो माणसे अशी आहेत ज्यांच्याजवळ वेळच वेळ आहे, मनावर मोठे ओझे आहे आणि बोलायला कोणी नाही. त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर माझ्यासारखी माणसे बंद दारांआड बसलेली आहेत. ती एकमेकांना भेटावीत अशी जागा मला त्या थांब्याखेरीज दुसरी आठवत नाही. माझा दुसरा प्रश्न तो आहे.

लालबागचा_गाळेकर

ताई, आपला दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावरच लिहितो.

माझे वडील गिरणीत होते आणि आई गावी, संगमेश्वर तालुक्यात. गिरणगावातल्या बहुसंख्य पुरुषांची तीच कथा होती. गावच्या मंडळाने घेतलेल्या गाळ्यात वीस-पंचवीस माणसे राहत. भिंतीला प्रत्येकाची ट्रंक, वर वळकटी. पहिल्या पाळीचा कामावर गेला की त्या जागेवर रात्रपाळीचा झोपे. जेवण खाणावळीत. बायको-मुलांपासून वर्षातले दहा-अकरा महिने दूर राहणाऱ्या या माणसांना एकटेपणा नव्हता असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. गणपती आणि शिमगा या दोन सणांवर ती वर्ष काढत. परंतु त्यांचा एकटेपणा चार माणसांच्या नजरेसमोर असे. खाणावळवाल्या बाईंना कोण दोन दिवस जेवला नाही हे लगेच कळे, आणि त्या विचारत. याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले हे अनेकांना ठाऊक असेल. त्या बायका काय काय सांभाळत होत्या याची मात्र नोंद फारशी कोणी घेत नाही.

वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट येथे लिहावीशी वाटते. माझा थोरला भाऊ तापाने गेल्याची तार त्यांना उशिरा मिळाली. गाळ्यात येऊन त्यांनी कोणालाही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर सगळ्यांनी मिळून त्यांना एसटीत बसवले असते, आणि पगाराला चार दिवस बाकी असल्याने खिशात उसने फेडण्याइतकेही नव्हते. ते चालत चालत ग्रँट रोडपर्यंत गेले आणि एका इराण्याकडे बसले. त्या काळी इराण्याच्या संगमरवरी टेबलाची एक खुर्ची रिकामी असली की समोर कोण बसले आहे हे न पाहता तिथे बसायची सर्रास पद्धत होती. समोर एक म्हातारे पारशी गृहस्थ होते. वडिलांनी त्यांना सांगितले. मोडक्या हिंदीत सांगितले आणि त्यांनी ते पूर्ण ऐकले, चहाचे पैसे दिले आणि आपली छत्री टेबलाला टेकवून ठेवून आणखी तासभर तसेच बसून राहिले. वडील त्यानंतर तीस वर्षे जगले. त्या गृहस्थांना पुन्हा कधी भेटले नाहीत, पण प्रत्येक वेळी बोलताना त्यांचा उल्लेख 'आमचे बावाजी' असाच करीत.

भेट योगायोगाची होती. ती खुर्ची योगायोगाची नव्हती. एका चहावर तास-दोन तास बसू देणारे ते दुकान कोणी तरी चालवत होते, आणि गिरणगावातून तिथपर्यंत चालत जाता येत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या काही वर्षांत गिरण्यांबरोबर खाणावळीही गेल्या. इराणी हॉटेलांपैकी क्यानीसारखी मोजकीच उरली. गिरण्यांच्या जागी आज जी मॉल आणि कार्यालये उभी आहेत तिथे बुलडाण्याच्या त्या शेतकऱ्याने फाइल मांडीवर घेऊन तासभर बसायचे म्हटले तर तो कुठे बसेल? सुरक्षारक्षक त्याला पहिल्या पाच मिनिटांत विचारील, 'कोणाकडे काम आहे?' माझ्या मते आपल्या शहरातला एकटेपणा वाढण्यामागे लोकांचा कोरडेपणा कमी आणि हा प्रश्न जास्त आहे.

मृद्गंध

दोन्ही लेखन मनापासून आवडले, तरीही थोडी वेगळी बाजू मांडते.

मी मूळची नांदेडची, नोकरीसाठी अंधेरीत पेइंग गेस्ट म्हणून राहते. अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलणे ही गोष्ट एका तरुण मुलीला इतकी सहज उपलब्ध नसते. थांब्यावर शेजारी बसलेल्या पुरुषाने बोलायला सुरुवात केली की माझे पहिले काम असते ते म्हणजे फोन कानाला लावणे. तो माणूस चांगला असेल, कदाचित खरोखरच दुःखात असेल. पण ते ओळखायला लागणारा वेळ देण्याची जोखीम मी घेऊ शकत नाही. इराण्याच्या त्या टेबलावर एखादी पंचविशीची मुलगी एकटी बसली असती, तर समोरची रिकामी खुर्ची तिला दिलासा वाटली असती का, हेही विचारायला हवे.

माझ्यासाठी अशी जागा म्हणजे लोकलचा बायकांचा डबा. तिथे 'कुठे उतरणार?' या दोन शब्दांवर संभाषण सुरू होते. मला नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझी पाळी संपायला उशीर झाला आणि गावी जायला सुटी मिळाली नव्हती. डब्यात जेमतेम पाच-सहा जणी आणि दाराशी एक पोलीस. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींत आकाशकंदील लागलेले होते आणि दर स्टेशनागणिक ते पाहून मला रडू आवरेना. समोरच्या बाकावर एक मावशी होत्या. स्वयंपाकाची कामे करणाऱ्या असाव्यात, कारण त्यांच्याजवळच्या पिशवीत वेगवेगळ्या घरांतून मिळालेले फराळाचे पाच-सहा पुडे होते, प्रत्येकाला वेगळा रबर. त्यांनी मला काय झाले असे विचारले नाही. एकामागून एक पुडे उघडले, माझ्या ओढणीवर थोडी चकली, थोडा चिवडा, अर्धा लाडू ठेवला आणि मग कुठल्या घरची चकली कशी बिघडली आहे हे अतिशय गंभीरपणे मला समजावून सांगितले. कोणाची भाजणी कच्ची राहिली, कोणी मोहन कमी घातले. कांदिवलीला त्या उतरल्या. मला पुढे बोरिवलीला मैत्रिणीकडे जायचे होते, तोवर माझे रडणे थांबलेले होते.

मला वाटते त्या मावशींनी काही विचारले असते तर मी सांगितलेच नसते. आपण दुःख बोलून दाखवण्याला फार महत्त्व देतो आहोत. पुष्कळदा शेजारी बसून दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलणारे माणूस हवे असते.

दूरदेशी

शिकागोच्या उपनगरात राहतो. या विषयावर येथे झालेले एक काम सांगण्यासारखे आहे, आणि ते माझ्या रोजच्या गाडीशी संबंधित आहे.

निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी शिकागोला येणाऱ्या लोकलगाडीच्या प्रवाशांवर एक प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना गप्प बसायला, काहींना रोजच्यासारखेच वागायला. जे बोलले त्यांचा प्रवास सर्वांत सुखाचा झाला. पण दुसऱ्या प्रवाशांना नुसता अंदाज विचारला तेव्हा त्यांनी नेमके उलट सांगितले: बोलावे लागले तर प्रवास नकोसा होईल. यामागचे कारण मला फार बोलके वाटते. बोलायची इच्छा पुष्कळांना असते, परंतु समोरच्याला ती नाही असे प्रत्येकजण धरून चालतो. म्हणून सगळेच गप्प. आमच्या गाडीला तर गर्दीच्या वेळी खास शांततेचा डबा असतो, आणि तो नेहमी भरलेला असतो.

त्याआधी १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी रोज त्याच फलाटावर दिसणाऱ्या, चेहऱ्याने पक्क्या ओळखीच्या, पण कधीही न बोललेल्या माणसांचा अभ्यास केला होता. त्यांचे एक निरीक्षण असे की अशी दोन माणसे रोजच्या जागेपासून जितकी दूर, परक्या ठिकाणी भेटतील तितकी ती एकमेकांशी बोलण्याची शक्यता वाढते. बुलडाण्याहून परळला आलेल्या माणसाने ताईंशी लगेच बोलावे, आणि ताईंच्या जिन्यावरच्या शेजाऱ्याने बोलू नये, यात मला तेच सूत्र दिसते.

मात्र नायगावकरीण ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत वेगळे आहे. आपण नंबर घ्यायला हवा होता. मी येथे नवीन असताना वाचनालयात एक वयस्कर पोलिश गृहस्थ रोज माझ्या समोरच्या टेबलावर बसत. एके दिवशी त्यांनी मला बर्फात गाडी कशी थांबवायची हे कागदावर चित्र काढून समजावले. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाजवळ राहायला आले होते आणि त्यांच्या मुलाच्या घरी दिवसभर कोणी नसे. आमची ओळख टिकली ती मी नंबर मागितला म्हणून. त्यांच्या अखेरच्या आजारात मी त्यांच्याजवळ होतो. योगायोगाने हाती आलेले माणूस आपण होऊन सोडून देणे मला पटत नाही. शहरात तशी संधी पुन्हा येत नाही.

सांताक्रूझ_पूर्व

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री आमच्या दोन खोल्यांत अकरा अनोळखी माणसे झोपली होती. त्यातल्या एका मुलाने आईच्या साड्या नेसून रात्र काढली, कारण त्याच्या अंगावरचे कपडे चिखलाने भरले होते आणि वडिलांचे कपडे आधीच तिघांना दिलेले होते. सकाळी सगळे गेले. कोणाचाच पत्ता घेतला नाही, आणि त्या वेळी तसे कोणाला सुचलेही नाही. पण माझ्या आईला आजही जोराचा पाऊस लागला की 'तो साडीवाला मुलगा कुठे असेल' हा प्रश्न पडतो. दूरदेशी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पोयबावडी

मी परळमध्ये बरीच वर्षे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जमेल ते काम करतो. कोणत्या संस्थेच्या वतीने लिहीत नाही, जे पाहतो ते लिहितो.

प्रथम एक विनंती. पदपथावर राहणाऱ्या नातेवाइकांच्या अवस्थेला आपण फार हळवे रूप देऊ नये. त्यांना पहिल्यांदा हवे असते ते डोक्यावर छप्पर, स्वच्छतागृह, परवडणारे जेवण आणि कुठल्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा याची माहिती. गाडगेबाबांना ही गरज फार पूर्वी कळली होती. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभारली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज कर्करुग्णांना आधार देते. परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून हेच काम करते आहे. तरीही जागा कमी पडते, कारण येणारा माणूस एका रात्रीसाठी येत नाही.

आता आपल्या विषयाकडे येतो. या धर्मशाळांत जे घडते ते पाहायला हवे. आसामचे जोडपे आणि आपल्याकडचे, विदर्भातले जोडपे शेजारी राहते. भाषा एक नाही. स्वयंपाक शेजारी शेजारी होतो, त्यामुळे आठवड्याभरात तांदूळ, तेल यांची देवाणघेवाण सुरू होते. एकाचा रुग्ण आत असताना दुसऱ्याची बायको त्याची फाइल सांभाळते. मी दोन बायकांना एकमेकींच्या डोक्याला रुमाल बांधून देताना पाहिले आहे. केस दोघींचेही गेलेले होते, आणि गाठ मागे न येता कानामागे यावी म्हणजे उशीवर टोचत नाही, हे एकीने दुसरीला खुणेने दाखवले.

ही माणसे एकमेकांचे नंबर घेतात का? काही घेतात. पण पुष्कळ जण घेत नाहीत, आणि त्याचे कारण दूरदेशी यांच्या लक्षात येणे कठीण आहे. नंबर घेतला की कधी तरी फोन करावा लागतो, आणि तो फोन पलीकडे कोण उचलील याची भीती असते. रुग्ण स्वतः बोलला तर ठीक. मुलाने किंवा दिराने उचलला, तर पुढचे वाक्य ऐकायची तयारी नसते. ज्याचे स्वतःचे माणूस अजून उपचार घेत आहे त्याला ते ऐकणे परवडत नाही. म्हणून ती माणसे निरोप घेताना 'पुन्हा भेटू' म्हणत नाहीत. 'इथं पुन्हा यायची वेळ येऊ नये' असे म्हणतात. हाच त्यांचा आशीर्वाद असतो. नायगावकरीण ताई, आपल्याजवळ बसलेल्या गृहस्थांनी नंबर मागितला नाही त्यामागे तेच कारण असू शकेल. तुटकपणा निश्चितच नव्हता.

दूरदेशी

पोयबावडी, आपले म्हणणे वाचले. ही बाजू माझ्यासमोर आलीच नव्हती. माझा अनुभव एका वृद्ध माणसाचा होता, ज्यांना माझ्यापासून कसलीही भीती नव्हती. दोन्ही परिस्थिती एका मापाने मोजता येणार नाहीत हे मान्य करतो. तरीही जिथे अशी भीती नाही, तिथे विचारायला हवे, या मतावर मी ठाम आहे.

मृद्गंध

रुमालाच्या गाठीबद्दल वाचून थांबले. माझ्या मावशीला हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

नायगावकरीण

सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार.

गाळेकरदादा, आपल्या वडिलांच्या बावाजींची गोष्ट मी मुलाला फोनवर वाचून दाखवली. त्याने पहिल्यांदाच विचारले की बाबांच्या आजारपणात तू रात्री कोणाशी बोलत होतीस. त्याला काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही. परंतु बऱ्याच वर्षांनी आम्ही खरोखर बोललो.

मृद्गंध, तुझे म्हणणे योग्य आहे. मी पासष्टीची आहे आणि समोर रहदारीचा रस्ता होता म्हणून मला भय वाटले नाही. बायकांना निर्धास्तपणे बसता येईल अशी जागा नसेल तर 'लोक आता बोलत नाहीत' हे वाक्य अर्धवट आहे. मात्र त्या मावशींच्या चकलीच्या चिकित्सेत तू म्हणतेस त्याहून अधिक काही होते असे मला वाटते. स्वतःच्या घरी लक्ष्मीपूजनाला पोहोचायला त्यांनाही उशीरच झाला होता. त्या रात्री कोणाशी तरी बोलण्याची गरज त्यांनाही असावी.

दूरदेशी, आपण पोलिश आजोबांसाठी केलेत ते फार मोठे आहे. पण माझ्या बाबतीत मी नंबर घेतला असता तर ते वाक्य, जे मी कोणालाही सांगितले नव्हते, ते माझ्या तोंडून आले नसते. पुन्हा भेटणाऱ्या माणसासमोर मी पुन्हा ती बँकेतली नीटनेटकी बाई झाले असते. काही गोष्टी ज्याला आपण पुन्हा दिसणार नाही अशाच माणसाला सांगता येतात, निदान मला तरी. याबाबत आपले मतभेद राहतील आणि राहू द्यावेत.

आता थांब्याविषयी. त्यानंतर मी परळ ते दादर या पट्ट्यातले थांबे मुद्दाम पाहत गेले. पुष्कळ ठिकाणी बैठक म्हणजे स्टीलच्या दोन-तीन नळ्या, त्याही अरुंद आणि पुढे उतरत्या. कोणी तिथे आडवे होऊ नये म्हणून हे असेल, पण त्यावर धडधाकट माणसालाही पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त टेकता येत नाही. रुग्णालयांच्या परिसरात तरी पाठ टेकता येईल अशी, छप्पर असलेली सपाट बाके असावीत असे निवेदन महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्यायचा माझा विचार आहे. गाळेकरदादा, आपल्या मंडळाची त्यावर सही मिळाली तर त्याला वजन येईल.

पोयबावडी, आपण लिहिलेत की पहिली गरज छप्पर आणि माहिती ही आहे, आणि मी ते मान्य करते. माझ्यासारख्या बाईने आठवड्यातला एखादा दिवस द्यायचे ठरवले तर नेमके काय करावे? गुडघ्यामुळे फार वेळ उभे राहता येत नाही. बँकेतल्या कागदपत्रांची सवय आहे, अर्ज भरता येतात, हिंदी आणि इंग्रजी येते.

लालबागचा_गाळेकर

सही नक्की मिळेल. मंडळाची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. निवेदनाचा मसुदा त्याआधी पाठवा. आमच्या गाळ्याच्या खालच्या ओट्यावर पूर्वी फळी टाकलेली असे, ती काढून टाकली आहे. ती पुन्हा बसवावी असाही विषय मी मांडणार आहे, कारण तिथून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पोयबावडी

ताई, बसून करण्याची कामे भरपूर आहेत. आर्थिक मदतीचे अर्ज अनेक न्यासांकडे करावे लागतात आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा असतो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक हे सगळे नीट लावून देणारे माणूस मिळाले तर त्या नातेवाइकाचे कितीतरी हेलपाटे वाचतात. आपल्या बँकेच्या सवयीचा येथे थेट उपयोग होईल.

दुसरे काम त्याहून साधे आहे आणि त्याला माणसे कमी पडतात. सोबत एकच नातेवाईक असला की त्याला आंघोळीला, जेवायला किंवा औषधे आणायला जाता येत नाही, कारण रुग्णाजवळ बसायला कोणी नसते. तेवढा वेळ शेजारी बसायचे. रुग्णाला बोलायचे असेल तर बोलायचे, नसेल तर फाइल सांभाळायची. मात्र दोन गोष्टी पाळाव्या लागतात: औषधोपचाराबद्दल सल्ला द्यायचा नाही, आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी यायचे नाही, कारण उपचारांमुळे रुग्णांची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. आपणास येथील व्यक्तिगत निरोपातून माझा संपर्क कळवतो. सकाळी बाह्यरुग्ण विभागाची गर्दी असते, तेव्हा लवकर आलात तर अधिक उपयोग होईल.